३०० च्या आतले कामगार

माननीय संपादक,
स. न.

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा तमिळनाडूतल्या तिरुपूर या कपडे-उद्योगाच्या शहरातल्या कामगारांच्या नोकऱ्यांविषयी पुष्कळ छापून आले. गोव्यात कपड्यांचे कारखाने थोडे, त्यामुळे इथल्या शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायकांची चौकशी कोणी केली नाही.

कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी पूर्वी १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला घ्यावी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत हा आकडा ३०० झाला. राज्याला अधिसूचना काढून तो वाढवता येतो, खाली आणता येत नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींतले बहुतेक कारखाने ३०० च्या आतलेच. म्हणजे इथे 'पुनर्रचने'च्या नावाखाली कपात ठरली की परवानगीचा प्रश्नच उरत नाही. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची भरपाई. बारा वर्षे मशीन चालवलेल्या बाईच्या हाती भरपाई म्हणून सहा महिन्यांचा पगार येतो. चाळिशीनंतर तिला दुसरीकडे कोण घेणार?

तेही ती कंपनीच्या हजेरीपटावर असेल तर. ठेकेदाराकडून आलेल्या मुलींचा नुसता गेटपास बंद होतो. आमच्या शेजारच्या एका मुलीला शनिवारी सुपरवायझरने 'सोमवारपासून येऊ नको' एवढेच सांगितले. कागद नाही, हिशेब नाही. तिने दाद कुठे मागायची?

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईत कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली. ते पाहूनही आपण शहाणे झालो नाही, याचे मला फार वाईट वाटते.

केंद्राचा कायदा राज्य एकट्याने बदलू शकत नसले तरी जमीन राज्याच्या हातात आहे. गोवा औद्योगिक विकास महामंडळ कारखान्यांना भूखंड भाडेपट्ट्याने देते. त्या करारात अट घाला: कपातीआधी तीन महिने कामगार आयुक्तांना लेखी कळवायचे, ठेकेदाराच्या कामगारांची यादीही त्यात जोडायची आणि सर्वांची देणी चुकती झाल्याशिवाय भूखंड दुसऱ्याच्या नावे करू द्यायचा नाही. कामावरून काढलेल्यांना वर्षभरात नव्या भरतीत प्राधान्य देण्याची तरतूद संहितेतच आहे. ती पाळली जाते का, हे कामगार खात्याने कारखान्यात जाऊन तपासावे.

उद्योगमंत्र्यांनी येत्या विधानसभा अधिवेशनात यावर उत्तर द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, डिचोली