‘कितव्या टक्क्याला थांबलं?’ असं विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. “बॅकअप घेतलास का?” असं विचारता आणि बोलणं तिकडेच जातं. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण शेवटच्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात, “झालं ते नीट लिहून ठेव. हाच कोड दुसऱ्या कुणाच्या पडद्यावर आला तर त्याचे चार दिवस वाचतील.”

तो कोड होता ०एक्स८००७०२५डी. माझ्या जुन्या संगणकावर नवीन विंडोज टाकताना मध्येच काम थांबायचं आणि हा कोड दाखवून, लागणाऱ्या फाइल खराब आहेत किंवा सापडत नाहीत, असं सांगितलं जायचं. मी पेनड्राइव्ह बदलला, यूएसबीचं भोक बदललं, सी ड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट मारला. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. त्याआधी दोन-तीन महिने मशीन अधूनमधून निळा पडदा दाखवून आपोआप बंद पडत होतं. विंडोज जुनं झालं, नवीन टाकलं की सुटेल, या समजुतीनं मी हे सगळं सुरू केलं होतं.

डी ड्राइव्हवर माझ्या अकरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, मुलांसाठी तयार केलेले स्वाध्याय होते. त्यातल्या निम्म्याअधिकांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं: सगळी पार्टिशन, म्हणजे सी, डी असे डिस्कचे भाग, उडव, हार्ड डिस्क कोरी कर, मग बघ. पाचव्या वेळी मी तेच करायला बसले होते. पार्टिशनची यादी समोर होती, आणि ‘डिलीट’वर माउस नेलेला असताना भावानं तुमचा नंबर पाठवला.

तुम्ही मला ओळखत नव्हतात. तरी पहिलं वाक्य होतं, “आधी माउसवरचा हात काढा आणि मशीन बंद करा.” आणि दुसरं, “कितव्या टक्क्याला थांबलं होतं?”

कोड काय आला हे सगळ्यांनी विचारलं होतं, टक्का कुणीच विचारला नव्हता. मलाही आठवत नव्हता. पण भावाला दाखवायला मी पडद्याचे फोटो काढले होते. एरर दाखवणाऱ्या चौकटीच्या मागे, फाइल तयार होत असल्याच्या ओळीपुढे कंसात आकडा दिसत होता. एका फोटोत १८, दुसऱ्यात ६४, तिसऱ्यात ४१. मी ते वाचून दाखवले आणि तुम्ही थोडा वेळ गप्प झालात. मग समजावून सांगितलंत. पेनड्राइव्हवरची एखादी फाइल खराब असती तर इन्स्टॉलेशन दर वेळी त्याच फाइलपाशी, म्हणजे साधारण त्याच टक्क्याला अडलं असतं. इथे अडण्याची जागा फिरते आहे. म्हणजे दोष वाचल्या जाणाऱ्या वस्तूत नसून वाचणाऱ्यात असण्याची शक्यता जास्त. रॅम (काम चालू असताना माहिती जिथे ठेवली जाते ती तात्पुरती स्मृती), हार्ड डिस्कची केबल, किंवा डिस्क स्वतः. इतकं सोपं होतं ते, आणि चार दिवसांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मला मात्र तेव्हा फक्त प्रश्नपत्रिका दिसत होत्या. “त्या आधी कॉपी करून घेऊ का?” असं मी विचारलं, आणि तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. हे इथे मुद्दाम ठळकपणे लिहिते आहे. रॅमवर संशय असताना कॉपी करायची नाही, कारण डिस्कवरून निघालेली फाइल रॅममधूनच दुसरीकडे जाते. वाटेत तिचा एखादा बिट, म्हणजे शून्य किंवा एक असा माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा, उलटा झाला तर कॉपी खराब होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मूळ फाइल शाबूत आहे, तिला हात न लावणं हीच तिची काळजी, असं तुम्ही म्हणालात. त्या रात्री मला झोप लागली ती या एका वाक्यामुळे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागून आणलेल्या लॅपटॉपवर तुम्ही माझ्याकडून लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत सिस्टीम) पेनड्राइव्ह बनवून घेतलात. बनवण्याआधी डाउनलोड केलेल्या फाइलचा एसएचए-२५६ काढायला लावलात, म्हणजे फाइलवरून मोजलेली तिची ओळखखूण; फाइलमध्ये जराही फरक पडला तर ती बदलते. ६४ अक्षरांची ती ओळ मी चार-चार अक्षरं करत वाचत होते आणि तुम्ही तिकडे अधिकृत ओळीशी ताडून बघत होता. सगळी जुळली. मग त्या पेनड्राइव्हवरून जुनं मशीन चालू केलं, हार्ड डिस्कवर काहीही न टाकता, आणि डी ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडला.

तिथे मी पूर्वी उतरवून ठेवलेली विंडोज १०ची आयएसओ फाइल (अख्खं इन्स्टॉलेशन एकाच फाइलमध्ये) होती, पाच जीबीपेक्षा मोठी. तिचाही एसएचए-२५६ काढायला सांगितलात. जुनं मशीन, बराच वेळ गेला. ओळ आली, मी वहीत उतरवून घेतली. मग तुम्ही म्हणालात, “आता तोच हुकूम पुन्हा द्या.” मला वाटलं तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. मी बाण दाबला, एंटर दाबलं आणि वाट बघितली. दुसरी ओळ आली. पहिलीत सुरुवातीला ‘नऊ सी’ होतं, दुसरीत ‘चार एफ’. पुढेही काही जुळेना. तीच फाइल, तोच हुकूम, मध्ये कुणी काही बदललेलं नाही, आणि दोन उत्तरं. अंगावर काटा आला माझ्या. तुमचा आवाज मात्र उजळला होता. “सापडलं बघ,” म्हणालात. त्या क्षणी तुम्ही मला पहिल्यांदा ‘तू’ म्हणालात, हे तुमच्या लक्षातही आलं नसेल.

फाइल रॅमपेक्षा मोठी होती, म्हणून दुसऱ्यांदा ती डिस्कवरून नव्याने वाचावी लागली आणि रॅमच्या वेगळ्या जागांत पडली. मशीनमध्ये चारच जीबी रॅम होती. छोटी फाइल घेतली असती तर पहिल्यांदा रॅममध्ये आलेलीच प्रत पुन्हा मोजली गेली असती, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं असतं आणि आपण फसलो असतो. तुम्ही मोठी फाइल का निवडलीत ते मी दोन दिवसांनी विचारलं, तेव्हा कळलं.

तरी तुम्ही निकाल देऊन टाकला नाहीत. आधी डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, उघडून तीन ओळी वाचायला लावल्यात: बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शून्य, वाचता न आल्यामुळे ताटकळलेले सेक्टर शून्य, केबलवरून माहिती जाताना झालेल्या, म्हणजे सीआरसी, चुका शून्य. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट ८६ प्लसचा पेनड्राइव्ह. पहिली फेरी पुरी व्हायच्या आतच पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या.

पुढचा तास मी आयुष्यात पहिल्यांदा कॅबिनेट उघडून बसले होते. स्विच बंद, वायर भिंतीतून काढलेली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलेलं, मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात. प्रत्येक गोष्ट तुम्ही करवून घेतलीत, आणि झाली असं मी म्हटल्याशिवाय पुढे गेला नाहीत. रॅमच्या पट्ट्या दोन, दोन-दोन जीबीच्या, डीडीआर३ प्रकारच्या. दोन्ही टोकांच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की पट्टी स्वतःच वर येते, ओढायची नसते. सोनेरी कडा खोडरबरानं हलकेच पुसल्या, कण झटकले, परत बसवून पाहिलं. लाल ओळी तशाच.

मग वहीत तुम्ही चार रकाने आखायला लावलेत. पट्टी एक भोक एक, पट्टी एक भोक दोन, पट्टी दोन भोक एक, पट्टी दोन भोक दोन. माझा जीव वरखाली होत होता, मला पट्टी दोन एकदा लावून चालली की तिथेच थांबायचं होतं. तुम्ही म्हणालात, “मग पट्टी खराब की भोक खराब, हे कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची.” रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस गेला. पट्टी एक दोन्ही भोकांत नापास, पट्टी दोन दोन्ही भोकांत पास. मदरबोर्ड ठणठणीत होता. तो बदलायला निघालेले लोकही मला भेटले होते त्या चार दिवसांत.

दोन जीबीच्या पट्टीत १,७०० कोटींहून जास्त बिट असतात आणि त्यातले मोजकेच बिघडले तरी पुरतं, हे ऐकून मी थक्क झाले. विंडोजच्या फाइल पेनड्राइव्हवर दाबून भरलेल्या असतात, इन्स्टॉल होताना त्या रॅममध्ये सोडवल्या जातात आणि तपासल्या जातात. एक बिट चुकला की तपासणी फसते आणि इन्स्टॉलर म्हणतो, फाइल खराब आहे. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. सर्व्हरमधली ईसीसी रॅम असा एखादा चुकलेला बिट स्वतः दुरुस्त करून घेते. घरच्या मशीनमध्ये बहुधा ती सोय नसते, म्हणून आपल्याला दिसतो तो फक्त निळा पडदा, आणि आपण विंडोजला दोष देतो.

चांगल्या पट्टीवर मशीन चालू करून आधी प्रश्नपत्रिका बाहेर काढल्या. मूळ फाइलींच्या आणि कॉपीच्या ओळी ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या. त्या वेळी मी फोनवर रडले होते, ताई. तुम्ही काही बोलला नाहीत, थांबलात. त्याबद्दलही मनापासून आभार.

बाकीचं भराभर झालं. बायोसमधलं (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) घड्याळ वायर काढली की कित्येक वर्षं मागे जायचं. ते घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असायला हवा, तो उतरलेला निघाला. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटही धोकादायक असल्याच्या सूचना का येतात, हे तेव्हा समजलं: प्रमाणपत्राची मुदत मशीन स्वतःच्या घड्याळावरून ठरवतं. नवीन सेल बसवला. रॅमची एक वापरलेली पट्टी मिळाली, तीही आधी मेमटेस्टखालून गेली.

कोणती सिस्टीम टाकायची, यावर मात्र मी तुमच्याशी वाद घातला. मला सवयीचं विंडोज १०च हवं होतं. तुम्ही हट्ट केला नाहीत, फक्त माहिती दिलीत. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, जे या मशीनमध्ये नाही. मिंट २२ला २०२९पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत, आणि त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती कमी रॅमवरही बरी चालते. निर्णय माझ्यावर सोडलात. मी एक रात्र घेतली आणि मिंट म्हटलं.

टाकताना ‘समथिंग एल्स’ हा पर्याय घ्यायला लावलात, म्हणजे पूर्ण डिस्क पुसली जाणार नाही. यादीतली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घेतलीत. एसडीए एक, जुना सी, हा जाणार. एसडीए पाच, एनटीएफएस, हा डी, ह्याच्या फॉरमॅटच्या चौकटीत खूण नाही ना? नाही. पुन्हा बघ. नाही. प्रश्नपत्रिकांची प्रत बाहेर सुरक्षित असतानाही तुम्ही ती ओळ माझ्याकडून दोनदा तपासून घेतलीत. मग म्हणालात, “दाब आता.” या वेळी टक्के मी वहीत लिहीत होते. शंभर लिहिलं तेव्हा पेन दाबून लिहिलं, मागच्या पानावर त्याचा उठाव अजून दिसतो.

तुम्ही दिवसभर हेच काम करता, लोकांची मशीन उघडता. त्यातून आलेली संध्याकाळ, तीही एकामागोमाग तीन, एका अनोळखी बाईला देणं किती दमवणारं असेल ते मला आता कळतं. लॅपटॉपवरून मशीनचा ताबा घेऊन तुम्ही कामं भराभर उरकू शकला असतात, असं भाऊ म्हणाला. तुम्ही ते केलं नाहीत. दर वेळी माझ्याच हातानं करवलंत आणि माझा हात थरथरला तेव्हा घाई केली नाहीत.

खराब पट्टी पाकिटात घालून त्यावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे लाल पेनानं ‘बाद’ लिहिलं आहे, म्हणजे चुकून कुणी ती पुन्हा बसवणार नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) बसवायचं काम राहिलं आहे, ते सुट्टीत करणार आहे. केबल लावायच्या आधी फोन करीन. बॅकअप घेतलेला असेल, दोन ठिकाणी, आणि ओळी ताडून पाहिलेल्या असतील.

तुमची कृतज्ञ,
अकरा वर्षांच्या प्रश्नपत्रिकावाली शिक्षिका