बाविसावं कलमही वाच

दादर, मुंबई

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, २६ नोव्हेंबरच्या भाषणात संविधानाचा फक्त गौरव करणार, दोष काढले की लोक भलताच अर्थ घेतात. तेव्हा मी काही बोलले नाही. पण दोन दिवस तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

गौरव कर, मनापासून कर. देशातले शंभरातले ऐंशीहून अधिक लोक निरक्षर असताना प्रत्येक प्रौढ बाईला आणि पुरुषाला एकदम मत दिलं. स्वित्झर्लंडमधल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ उजाडलं. तुझ्या पणजीला सही येत नव्हती. पहिल्या निवडणुकीत मत देऊन आली ते ठेवणीतलं लुगडं नेसून. आणि सतरावं कलम! शाळेत ज्यांना पाण्याला हात लावू दिला नाही, तेच बाबासाहेब आपल्या मुंबईतून घटना समितीवर निवडून गेले, मसुदा समितीचे अध्यक्ष झाले आणि त्या घटनेनं अस्पृश्यता नष्ट केली. हे वाचताना माझा आजही गळा दाटतो.

पण जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं एकविसावं कलम वाचलंस की तिथेच थांबू नकोस. त्याला लागूनच बाविसावं आहे. माणसानं गुन्हा केलेला नसताना, पुढे करील एवढ्या संशयावरून त्याला खटल्याशिवाय डांबून ठेवायची मुभा त्यात आहे. आणि ते मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आहे, बाळा. ज्या सभागृहात कितीतरी सभासद इंग्रजांच्या तुरुंगात खटल्याशिवाय बसून आले होते, त्याच सभागृहानं हे मंजूर केलं. फाळणीचे दंगे, निर्वासितांचे लोंढे, गांधीजींचा खून, सगळं ताजं होतं. त्यांची भीती मला कळते. एकविसाव्या कलमाच्या शब्दरचनेवर पुष्कळ लोक नाराज आहेत हे बाबासाहेबांनीही घटना समितीत मान्य केलं होतं. अटकेची कारणं सांगणं, वकील करू देणं, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं ही संरक्षणं त्यांनी बाविसाव्यात घातली ती त्याचीच भरपाई म्हणून. पण स्थानबद्धाला, म्हणजे असं खटल्याशिवाय डांबलेल्याला, त्यातलं फार थोडं मिळालं. घटना लागू झाली जानेवारी १९५० मध्ये, आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला फेब्रुवारीत.

तुझ्या आजोबांना १९७५ मध्ये, आणीबाणीत, मिसाखाली म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली नेलं तेव्हा मी चौथीत होते. पहाटेची वेळ, आजी दारात उभी. त्यांचा गुन्हा कोणता, हे तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. अशा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते असं काही उच्च न्यायालयं म्हणत होती, पण २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं तेही दार बंद केलं. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले. आणीबाणीनं घटना मोडली, असंच मी कित्येक वर्षं धरून चालले होते. चाळिशीत घटना स्वतः वाचली तेव्हा कळलं, दारं घटनेतच होती: आणीबाणी पुकारू देणारं कलम ३५२, तेव्हा हक्कांसाठी कोर्टात जाणं थांबवू देणारं ३५९, आणि हे बाविसावं. ह. वि. कामत यांनी घटना समितीत आणीबाणीच्या तरतुदींना कडाडून विरोध केला होता. त्यांचं ऐकायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

याच घटनेत दुरुस्तीची वाटही होती म्हणून १९७८ मध्ये ४४वी दुरुस्ती होऊ शकली. आता आणीबाणीतसुद्धा विसावं (शिक्षेबाबत संरक्षण देणारं) आणि एकविसावं कलम तहकूब करता येत नाही. मात्र त्याच दुरुस्तीत, स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय डांबून ठेवायची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणली होती. संसदेनं मंजूर केलेली ती तरतूद आजतागायत अमलात आलेली नाही. हे भाषणात सांग. टाळ्या कमी पडल्या तर पडू देत.

आजोबांचा स्थानबद्धतेचा आदेश आजीच्या लोखंडी पेटीत सापडला. कागद घडीवर फाटलाय, म्हणून झेरॉक्स पाठवतेय. त्यात नाव आहे, तारीख आहे, कारण नाही. सभेत दाखवायचा की नाही, ते तू ठरव.

तुझी,
आई