त्या कागदांवर सही करू नकोस

दादू,

रविवारी तू फोन आपटलास, त्यानंतर मी परत लावणार होते, पण बाबा म्हणाले राहू दे, तो तापलाय. म्हणून लिहितेय. म्हाडाचं घर त्या एजंटमार्फत आताच विकायचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. खोकल्याचं औषध मधेच सोडू नकोस आणि माई आत्याला एकदा फोन कर, ती त्या वाटणीवरून अजून धुसफुसतेय पण तुझ्यावर राग नाहीये तिचा.

बरं, काढतेच विषय. पॉवर ऑफ अॅटर्नी एकवेळ समजले, पण घर घेणाऱ्याच्या नावाने मृत्युपत्र? ताईने तू पाठवलेला फोटो दाखवला. ‘माझ्या पश्चात’ छापलेलं आणि सहीच्या वर पेन्सिलने तुझं नाव, तेही ऱ्हस्वदीर्घ चुकवून. पोटात गोळाच आला माझ्या. तिशीतल्या पोराने असलं काही लिहून द्यायचं, का तर म्हणे पाच वर्षं विकता येत नाही म्हणून सगळेच असं करतात. सुप्रीम कोर्टाने २०११ सालीच सांगितलंय की नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीवर आणि मृत्युपत्रावर घराची मालकी जात नाही. म्हणजे पैसे घेणाऱ्याचे, राहणार तो, आणि कर्ज, हप्ते, म्हाडाची नोटीस सगळं तुझ्या नावावर. वाटपच रद्द झालं तर तो एजंट फोन तरी उचलेल का?

घर लहान पडतं हे मान्य आहे मला. सूनबाईचं ऑफिस लांब पडतं, तेही कळतं. पण अरे, म्हाडाच्या २०२४ च्या त्या सोडतीत २०३० घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. बाबांनी आयुष्यभर फॉर्म भरले, तेव्हा ऑनलाइन नव्हतं, बँकेबाहेर लायनीत उभं राहून फॉर्म आणायचे, डिपॉझिट परत आलं की ते तसंच पुढच्या सोडतीसाठी बाजूला. नानांच्या त्या खोलीत आपण किती वर्षं काढली ते तुला आठवत असेल, नळाच्या वेळेवरून काकूशी भांडणं. तुझं नाव लागलं तेव्हा बाबा काही बोललेच नाहीत, गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी आजही वाण्याला सांगते, आमच्या मुलाला म्हाडाचं लागलं, विक्रोळीला. तो आता कंटाळला असेल.

घर बाजारभावापेक्षा स्वस्त मिळालं ते मुंबईत तुझं घर नाही असं तू लिहून दिलंस म्हणून. लगेच विकायचं तर मग ते तुला का द्यायचं, ज्याचा नंबर हुकला त्याला का नाही? मला तर पाच वर्षंच कमी वाटतात. मावशीची धाकटी सिंगापूरला आहे ना, ती सांगत होती तिथे मोक्याच्या जागची सरकारी घरं आता दहा वर्षं विकता येत नाहीत, नंतर विकली तरी सबसिडीतला वाटा परत द्यावा लागतो आणि घेणाऱ्याच्या कमाईलाही मर्यादा आहे. म्हणजे दुसऱ्यांदा विकलं तरी ते पैसेवाल्याच्या घशात जात नाही. आपल्याकडे पाच वर्षं झाली की बाजारभावाने मोकळं. तेव्हा तू विकलंस तर मी एक शब्द बोलणार नाही, कायद्याने तुझा हक्कच आहे. आवडणार नाही, पण बोलणार नाही.

परत लेक्चर झालं ना. सॉरी. तू माझ्यापेक्षा जास्त शिकलायस, स्वतःच्या हिमतीवर कर्ज काढलंस, बाबांना एक रुपया मागितला नाहीस, ते मी विसरलेले नाही. पण रात्री झोप लागत नाही रे, सारखा तो कागदच डोळ्यासमोर येतो.

सूनबाईच्या ऑफिसजवळ राहायचंच असेल तर हे घर म्हाडाची रीतसर परवानगी घेऊन भाड्याने देता येतं, त्या भाड्यात तिकडचं भाडं बरंचसं निघेल. फरक पडला तर आम्ही देऊ. बाबांची ती एफडी सुटतेय, नाही म्हणू नकोस. आणि त्या एजंटकडून टोकन घेतलं असशील तर परत करून टाक, तेही आपण बघू.

फक्त एक कळव, सही केलीस का? केली असलीस तरी सांग, मी ओरडणार नाही. म्हणजे ओरडेन, पण सांग.

तुझी आई