चहाचा पेला, गावकीचा दंड आणि २०१६ चा कायदा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी आणि त्यातील दुरुस्ती

महोदय,

सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ पासून लागू झाला, आणि असा स्वतंत्र कायदा करणारे देशातील पहिले राज्य म्हणून आपण स्वतःची पाठ थोपटून घेतली. ती थोपटण्याजोगी होतीच. परंतु गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला हा कायदा पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत नेतो आणि बहुधा तेथेच सोडून देतो. अशा प्रकरणांत तक्रारीचे मसुदे लिहून देणाऱ्या वकिलांपैकी मी एक आहे. हे म्हणणे आपल्यापुढे मांडताना मी चहाच्या इतिहासाचा आधार घेत आहे, कारण या राज्यातील बहिष्काराची सर्वांत गाजलेली हकीकत चहाच्या पेल्यावरूनच घडली.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे गेले. हा घाट घालणारे गृहस्थ गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. व्याख्यान संपल्यावर मिशनच्या बायकांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी केवळ शिष्टाचार म्हणून पेला हातात धरून बाजूला ठेवला. माधवराव रानडे तेथे होते, टिळक होते. पुढे गोपाळरावांनीच उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि सनातनी पक्षाने हे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले. शंकराचार्यांनी चौकशीसाठी दोन शास्त्र्यांचे कमिशन नेमले. एका पेल्यासाठी पुण्यात रीतसर सुनावण्या झाल्या, शास्त्रवचने काढली गेली, कोणी प्याले आणि कोणी नुसते बसले होते याचा कीस पाडण्यात आला. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल सुधारक मित्रांचे बोल त्यांना ऐकावे लागले ते वेगळेच.

या प्रकरणाकडे आज आपण गंमत म्हणून पाहतो. मला ते तसे वाटत नाही. १८९१ मध्ये मुलींच्या संमतीचे वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांचे पुढारपण टिळकांकडे होते, म्हणजे सनातन्यांच्या बाजूने त्या काळी सर्वांत जोरकस लेखणी चालत होती ती त्यांची. तरीही त्यांना सूट मिळाली नाही, आणि प्रायश्चित्तानंतरही त्यांच्या घरच्या धर्मकार्यांना भटजी मिळण्याची पंचाईत होत राहिली. कडव्या माणसांच्या न्यायासनापुढे विरोधकांची सुनावणी फार दिवस चालत नाही. लवकरच त्यांना स्वतःच्याच पक्षातले अपराधी लागतात. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रानडे त्या वेळी सरकारी न्यायाधीश होते आणि १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात बसले. इतक्या मोठ्या अधिकाराच्या माणसालाही कोणत्या दिवाणी न्यायालयाकडे दाद मागता आली नसती, कारण मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हात घालू नये असे ठरवून ठेवले होते. सरकारने कानावर हात ठेवले की जातीचे न्यायालय आपोआप सर्वोच्च न्यायालय होते.

राज्यसत्तेला पेयाची भीती वाटल्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. मक्केत १५११ मध्ये खैर बेग या अधिकाऱ्याने फकीह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्री, आणि वैद्य बोलावून कॉफी निषिद्ध ठरवून घेतली. कैरोच्या सुलतानाने तो निर्णय टिकू दिला नाही. इस्तंबूलमध्ये चौथ्या मुरादने १६३३ मध्ये कॉफीघरे बंद पाडली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीघरे बंद करण्याचा जाहीरनामा काढला, कारण तेथे बसून लोक राजाच्या कारभारावर वाटेल ते बोलत; लंडनमध्ये असा गहजब झाला की अंमल सुरू होण्याआधीच, जानेवारीत, तो मागे घ्यावा लागला. चार्ल्सपाशी सैन्य होते आणि त्याची बंदी पंधरवडाभरही टिकली नाही. पुण्याच्या शास्त्र्यांपाशी एक शिपाई नव्हता, आणि त्यांची बंदी वर्षानुवर्षे घराघरांतून पाळली गेली. बहिष्काराच्या कायद्याने नेमक्या कोणत्या ताकदीशी गाठ घातली आहे, हे ध्यानात यावे म्हणून ही तुलना केली.

या ताकदीपुढे राज्यसत्ता हतबलच असते असे मात्र नाही, आणि त्याचा दाखलाही चहाचाच आहे. कोल्हापुरात राजवाड्यावर चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि तेवढ्यावर न थांबता गंगारामांना भांडवल देऊन भर वस्तीत चहाचे दुकान काढून दिले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, त्या दुकानापुढे थांबू लागला. महाराज मोठ्याने चहा मागवत, स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. १९१९ मध्ये त्यांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यांना समान वागणूक देण्याचे हुकूमही काढले, पण हुकूम आणि खडखडा ही दोन्ही कामे त्यांनी केली. आपल्या खात्याने पहिले केले आहे. दुसरे बाकी आहे.

बहिष्कार आज कसा घातला जातो ते आपले अधिकारी जाणतात, तरी लिहितो. कोकणातल्या एका गावातून माझ्याकडे आलेल्या कुटुंबाचा अपराध एवढाच होता की त्यांनी जमिनीच्या वादात गावकीचा निवाडा नाकारून न्यायालयात दावा लावला. बैठकीचे इतिवृत्त नाही, ठराव नाही, कोणाची सही नाही. दुसऱ्या दिवसापासून गिरणीत त्यांचे दळण घेईनात, किराणावाला ‘माल नाही’ म्हणू लागला, आणि नाक्यावरच्या टपरीवाल्याने, दूध उकळत असताना, चहा संपल्याचे सांगितले. त्यांच्याशी जो बोलेल त्याला दंड, असे तोंडी फर्मान होते. पुढे घरात मयत झाले तेव्हा खांदा द्यायला पाहुण्यांना बोलवावे लागले. पोलीस ठाण्यात त्यांना सांगण्यात आले की कोणी कोणाशी बोलावे आणि कोणाला चहा विकावा हे पोलीस कसे ठरवणार, गावातले आहे, आपसात मिटवा. आणि अदखलपात्र नोंदीचा कागद हातात देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले.

महोदय, हा गुन्हा दखलपात्र आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बहिष्कार घालण्यासाठी बैठक भरणार असल्याची माहिती मिळाली तर ती रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, आणि त्या अधिकाऱ्याचे काम पीडिताची तक्रार उभी करण्यास मदत करणे हेच आहे. टपरीवाल्याने एकदा चहा नाकारला तर तो गुन्हा नव्हे, हे मलाही कळते. परंतु गिरणी, दुकान, टपरी आणि स्मशान यांनी एकाच आठवड्यात एकाच कुटुंबाला नाकारले तर त्यामागची बैठक शोधणे हेच तपासाचे काम आहे. त्यासाठी टपरीवाल्याला आरोपी करण्यापेक्षा साक्षीदार करावे. तो बहुतेक वेळा दंडाला भ्यालेला असतो, आणि त्याला संरक्षण मिळाले तर तोच बोलेल. ठाणे अंमलदारांना हे सांगणारी लेखी कार्यपद्धती आपण काढावी, आणि प्रतिबंध अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी दुरुस्तीची आहे आणि ती अधिक अवघड आहे. २०१६ चा कायदा एकाच समाजातील सदस्याने त्याच समाजातील दुसऱ्या सदस्यावर घातलेल्या बहिष्कारापुरता आहे. जातपंचायतींच्या छळाविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवलेल्या मोहिमेतून तो आला, त्यामुळे त्याची रचना तशी असणे स्वाभाविक होते. अनुसूचित जाती-जमातींवरील सामाजिक वा आर्थिक बहिष्कारासाठी अत्याचार प्रतिबंधक कायद्यात स्वतंत्र कलम आहे. पण अमुक धर्माच्या माणसाच्या टपरीवर चहा पिऊ नका, त्याच्याकडून भाजी घेऊ नका, अशी शपथ जेव्हा जाहीरपणे दिली जाते, तेव्हा ती या दोहोंच्या मधल्या फटीतून निसटते आणि वैर पसरवण्याच्या सर्वसाधारण कलमापाशी येऊन थांबते. द्वेषमूलक वक्तव्यांबाबत तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना बजावले आहे. तरीही बोलणाऱ्यावरचा गुन्हा वेगळा, आणि ज्याचा धंदा बसला त्याला मिळणारा दिलासा वेगळा. २०१६ च्या कायद्यात वसूल झालेला दंड पीडिताला देता येतो. तो मार्ग दुसऱ्या समाजाने बहिष्कृत केलेल्या टपरीवाल्यालाही खुला व्हावा. शपथ देणारे कोणत्या धर्माचे वा पक्षाचे आहेत, यावरून हे कलम लागू करायचे की नाही हे ठरू नये, एवढी काळजी मसुदा करतानाच घ्यावी लागेल.

यावर धर्मस्वातंत्र्याचा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याची प्रथा बंद करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, कारण धर्मशिस्तीसाठी सदस्याला काढण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ खाली संप्रदायाला आहे, असे बहुमताला वाटले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी भिन्नमत लिहिले, आणि बहिष्कृताच्या नागरी जीवनाचे काय होते हा त्यांचा प्रश्न आजही तसाच उभा आहे. १९४९ चा कायदा २०१६ च्या कायद्याने रद्द झाला असला, तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२ च्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला आहे. तेथे महाराष्ट्राने कोणती भूमिका घ्यायची ते आपले सरकार ठरवणार आहे. प्रार्थनास्थळातील शिस्त संप्रदायाने पाहावी, पण दळण, औषध, चहा आणि अंत्यसंस्कार यांवर त्याचा हात पोहोचू नये, ही रेषा राज्याने तेथे ठामपणे मांडावी अशी विनंती आहे.

आणि एक. २०१७ पासून या कायद्याखाली किती गुन्हे नोंदले गेले, किती दोषारोपपत्रे दाखल झाली आणि किती प्रकरणांत शिक्षा झाली, याचा जिल्हानिहाय तक्ता आपण येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा.

आपला विश्वासू,
रायगड जिल्ह्यातील एक वकील