ती शहरे बांधणाऱ्यांचे काय?

चीनमधील शहरीकरणाचे कौतुक करणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. मेट्रो, टोलेजंग इमारती सारे खरे. पण त्या बांधणाऱ्या मजुरांचा त्यात उल्लेखही नाही. १९५८ पासून तिथे 'हुकोऊ' या कुटुंबनोंदणीने माणसाला गावाशी बांधून ठेवले आहे. मजुराचे पोर बीजिंगमध्ये शिकले, तरी 'गाओकाओ' ही विद्यापीठ प्रवेशपरीक्षा द्यायला त्याला बहुधा मूळ प्रांतात परतावे लागते. २०१४ मध्ये शेतकी-बिगरशेतकी नोंदणीचा भेद मिटवायचे ठरले. शांघायसारख्या महानगरांनी मात्र बाहेरून आलेल्यांना शहरातले हक्क देण्यासाठी गुणांकन ठेवलेच: शिक्षण, नोकरी, सामाजिक विम्याचा भरणा. गवंडीकाम करणारा यात बसणार कसा? (कर भरताना मात्र नोंदणी आड येत नाही!) शहरांची उंची मोजताना ही बाजूही लेखात यायला हवी होती.

– एक वाचक, सातारा