आई, ही पुस्तकं उंदीर-मांजराची नाहीत

प्रिय आई आणि आबा,

नमस्कार करते दोघांना. पार्सल मिळालं की लगेच फोन करू नका, आधी हे पत्र वाचा, आणि आबा तुम्ही नाही वाचायचं, आईने वाचायचं. म्हणून अक्षर मोठं काढलंय आणि दोन ओळींत जागा सोडलीय. जोडाक्षरं टाळायची असं ठरवून बसले होते पण "प्रिय" लाच गाडी अडली, मग म्हणलं जाऊ दे, आईला जमतंय आता, अडलं तर पुढं जाईल आणि मागून परत येईल.

आई, 17 मार्च 2024 ला तू उल्लासच्या, मोठ्यांच्या साक्षरतेच्या, परीक्षेला बसलीस तेव्हाचा तो फोटो मी अजून डिलीट केलेला नाही. आपल्याच गावातली झेडपीची शाळा, पोरांचा बुटका बेंच, त्यावर तू डोक्यावर पदर घेऊन, आणि पेन असं धरलंय की कुणी हिसकावून नेईल. 150 मार्कांचा पेपर, वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50, आणि तुला संख्याज्ञानात सगळ्यात जास्त पडले याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही, उसाच्या मोळ्या मोजण्यात जन्म गेला तुझा. पास झाल्याचं सर्टिफिकेट आबांनी लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावलं, माझं डीएडचं मात्र अजून ट्रंकेतच आहे, असो.

परीक्षा झाली की वाचन सुटतं हे मी शाळेत रोज बघते म्हणून तुला स्टोरीवीव्हर वरच्या गोष्टी प्रिंट काढून पाठवल्या होत्या. प्रथम बुक्सने 2015 ला सुरू केलेली साइट आहे ती, गोष्टी फुकट असतात, मराठीत पण भरपूर आणि त्यात पातळ्या असतात एक ते चार, पहिल्या पातळीत एका पानावर मोठं चित्र आणि एखादी ओळ. शिकवायला फार कामाची. पण तुझा फोन आला तो कडकच, "मला काय बालवाडीत बसवलं का गं? उंदराच्या टोपीचं वाचून मी काय करू, माणसाची गोष्ट न्हाई का एखादी? उसाची हाय का?"

ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही. शोधायला लागले. मोठ्यांसाठी आपल्या ऊसतोड लोकांवर बरंच लिहिलेलं आहे, पण लहान पोरांसाठी, साध्या वाक्यांत, मोठ्या अक्षरात शोधायला गेलं की बहुतेक एकच गोष्ट वेगवेगळे कपडे घालून समोर येते. बाप कष्टाळू आणि गप्प, आई कष्टाळू आणि रडणारी, पोरगं दिव्याखाली अभ्यास करतं, मग ते साहेब होतं, गावात गाडी येते, आई डोळे पुसते, संपलं. आपल्या घरात आबा कधी गप्प बसले? आणि तू रडलीस त्यापेक्षा भांडलीस जास्त, मुकादमाशी, टोळीतल्या बायकांशी, आबांशी तर रोजच. गाडी पण नाही आली. मी मास्तरीण झाले आणि भाऊ ट्रॅक्टरवर ऊसच वाहतोय.

मुकादमाच्या वहीचं तुला आठवतं का? मला पक्कं आठवतं. मी चौथीत असेन, हंगाम संपत आला होता, फड उरकत आलेले, आणि मुकादम आपल्या कोपीसमोर, झोपडीच्या दारातच, खाट टाकून हिशेब करायला बसला होता. दसऱ्याच्या आधी आगाऊ घेतलेली उचल किती, तोड किती टन झाली, खर्चीला वरचेवर किती नेले. तुम्ही दोघं मिळून एक कोयता, म्हणून वहीत नाव एकच, आबांचं. पहाटे तीनला उठून भाकरी थापून आबांच्या बरोबरीने ऊस तोडणाऱ्या बाईचं नाव त्या वहीत कुठंच नव्हतं, आणि हे मला तेव्हा खटकलं पण नाही कारण सगळ्यांचंच तसं होतं. तू म्हणलीस, "आमची पोरगी वाचती, तिला दाव." मुकादम हसला आणि वही माझ्याकडं फिरवली. मी सगळं मोठ्यानं वाचलं, तारखा, आकडे, कारखान्याच्या काट्याच्या पावत्या एकेक करून वहीशी ताडून बघितल्या.

गोष्टीच्या पुस्तकात इथं पोरीने मुकादमाची चोरी पकडली असती. टोळीने टाळ्या वाजवल्या असत्या. आपल्याकडं काय झालं तर हिशेब बरोबर निघाला, रुपयाचा फरक नाही, आणि तरीही आपण त्याला देणं लागत होतो, ती बाकी पुढच्या हंगामावर चढली आणि परत त्याच मुकादमाबरोबर जावं लागलं. लग्न, दवाखाना, पत्रे, सगळं उचलीतनं व्हायचं आणि उचल फिटायची न्हाई, यात कुणी खोटं लिहायची गरजच नव्हती. मला वाटलं आता तू चिडशील. तू फक्त एवढं म्हणलीस, "बरं झालं, आता नीट कळलं तरी किती हाय ते," आणि रात्री मला परत पुस्तक काढायला लावलंस.

म्हणून मला त्या साहेब होणाऱ्या गोष्टी आवडत नाहीत आई. वाचता आलं की कर्ज फिटतं असं पोरांना सांगणं खोटं आहे, आणि फिटत नाही म्हणून वाचायचं कशाला असं म्हणणं त्याहून खोटं, आणि या दोन्हीच्या मधली गोष्ट कुणी पोरांना सांगतच नाही.

रात्रीच्या त्या वाचनाचं पण लिहिते, कारण परवा एका ट्रेनिंगला साहेबांनी विचारलं की तुम्हाला वाचायला कुणी शिकवलं, आणि मी म्हणलं आईने, तिला तेव्हा वाचता येत नव्हतं, तर सगळे माझ्याकडं बघायला लागले. दिवाळीनंतर मार्च-एप्रिल पर्यंत आपलं नाव गावच्या पटावर आणि आपण फडावर. कारखान्यावरची ती साखरशाळा, एक सर आणि चार वर्ग, कधी भरायची कधी नाही. खरी शाळा कोपीतच. तू चूल विझवायच्या आधी पुस्तक मागायचीस, बालभारतीचं, पानं पार वाकडी झालेली, आणि पिठाचं बोट चित्रावर ठेवून विचारायचीस, "हे काय म्हणतंय?" मी खालची ओळ वाचायची. मग तू दुसरं बोट ठेवणार, "आन् हे?" चित्रात जे असेल ते वाक्यात आलंच पाहिजे असा तुझा हट्ट, आणि बैल दिसतोय पण बैलाबद्दल काहीच लिहिलं नसेल तर तू लिहिणाऱ्यालाच शिव्या द्यायचीस. मी एखादी ओळ गाळली की तुला कळायचंच, कसं ते मला पुढं मास्तरीण झाल्यावर समजलं, तू ओळी मोजायचीस! आणि मोठ्यानं वाच म्हणायचीस ते माझ्या उच्चारांसाठी नव्हतं, मी जागी आहे का झोपले ते कळावं म्हणून होतं, हे तूच नंतर हसत सांगितलंस.

आबा, तुमच्याबद्दल पण आहे हो, नाराज होऊ नका. तुम्ही चौथी पास, टोळीत सगळ्यांची पत्रं तुम्हीच वाचायचा. एका वर्षी तुम्ही कुठून तरी श्यामची आई आणलं होतं, साने गुरुजींनी 1933 ला नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, पुस्तक म्हणून 1935 ला आलं. रोज रात्री थोडं थोडं वाचून दाखवायचा, शेजारच्या कोपीतल्या बायका पण येऊन बसायच्या. सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो तो भाग आला तेव्हा एक म्हातारी म्हणाली "उचलीचंच हाय की हे", आणि शेवटी सगळ्या पदराने डोळे पुसत होत्या तेव्हा आईने विचारलं, "मंग कर्ज फिटलं का न्हाई त्यांचं?" तुम्ही पुस्तक मिटून म्हणालात, आई मेली त्या पोराची आणि तू कर्जाचं काय विचारतीस. मला अजूनही वाटतं त्या रात्री सगळ्यात नीट ऐकलं असेल तर ते आईनेच.

आता पार्सलमध्ये काय आहे ते. इथं सांगली जिल्ह्यात दिवाळी झाली की माझ्या वर्गात आपल्याकडची पोरं येतात, बीडची, जालन्याची, परभणीची. काहींकडं दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून गावच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी पत्रक असतं, बऱ्याच जणांकडं काहीच नसतं. 2009 च्या शिक्षण हक्काच्या कायद्यामुळं कागद नाही म्हणून परत पाठवता येत नाही आणि वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, ते बरंच आहे, पण मग पाचवीच्या बाकावर दुसरीचं पण धड न वाचता येणारं पोर बसतं, मागच्या रांगेत, आणि इथली पोरं त्याच्या बोलण्याला हसतात. अशा पोरांना मी पुस्तक देतच नाही सुरुवातीला. त्यांनी बोलायचं, मी जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, मग तेच त्यांनी वाचायचं. स्वतःचंच बोलणं असल्यामुळं पुढचा शब्द काय येणार हे त्यांना आधीच माहीत असतं, भीती जाते, आणि अक्षरं ओळखीची व्हायला लागतात. चित्रं पण त्यांचीच. दोरा घालून शिवली की झालं पुस्तक.

त्यातलं एक निळ्या कव्हरचं आहे ते आधी उघड. दहा वर्षांच्या पोरीने सांगितलेली गोष्ट आहे, मी एक शब्द बदललेला नाही.

"रात्री गाडी आली. माय उठली. बाप उठला. मी उठले. बारकं उठलं न्हाई. बारकं झोळीत होतं. माय म्हनली झोळी हालव. मी हालवली. मला झोप आली. मी झोळीची दोरी पायाला बांधली. मी झोपले. पाय हालत राह्यला."

माझ्या बरोबरीच्या एक बाई म्हणाल्या, अगंबाई किती करुण. पण वर्गात वाचलं तेव्हा मागच्या रांगेतली सगळी पोरं खदाखदा हसली, कारण पायाला दोरी सगळ्यांनीच बांधलेली, फक्त असं कुणी लिहिलेलं नव्हतं. मी तिला विचारलं, पुढं काय झालं? "मंग काय, सकाळ झाली." बास. आता याच्यापुढं मी कलेक्टरची गोष्ट काय वाचून दाखवू सांग.

मुक्ता साळवेची माहिती मी त्यांना याच तासाला दिली. जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली मातंग समाजाची पोरगी, चौदाएक वर्षांची, आणि 1855 ला ज्ञानोदय नावाच्या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाबद्दल. दुसऱ्या कुणी तिच्या लोकांची कीव करून लिहिलेला नाही तो, तिने स्वतः लिहिलाय आणि वाचताना कळतं की पोरगी रडत नाहीये, जाब विचारतेय. एका पोराने विचारलं, "बाई, तिनं शुद्ध लिवलं होतं का?" मी म्हणलं ते जाऊ दे, तू तुझं सांग, आणि त्याने मग वाढं, उसाचे हिरवे शेंडे, विकून पेन घेतल्याची गोष्ट सांगितली, ती हिरव्या कव्हरची.

तर आई, काम असं आहे की तू पण एक लिहायची. किंवा सांगायची, आबा लिहितील. पोरांना मी सांगून ठेवलंय की माझ्या आईची गोष्ट येणार आहे आणि ती साठीच्या आसपास वाचायला शिकली, ते रोज विचारतात आली का म्हणून. वहीचं लिही, नाहीतर त्या वर्षी पुरात कोपी वाहून गेली आणि तू आधी कोंबडी वाचवलीस नंतर आबांचा रेडिओ, ते लिही, ते पोरांना फार आवडेल. गर्भपिशवीच्या ऑपरेशनचं लिहावं वाटलं तर ते पण लिही, पोरांसाठी नको, माझ्यासाठी वेगळ्या कागदावर. तुला तेव्हा कुणी काही नीट समजावून सांगितलं नव्हतं आणि कागदावर अंगठा घेतला होता एवढंच मला माहिती आहे, बाकीचं तू कधी बोलली नाहीस. नसेल सांगायचं तर राहू दे, जबरदस्ती नाही.

निळं पुस्तक मात्र परत पाठवा, त्याची झेरॉक्स काढलेली नाही आणि ती पोरगी हंगाम संपला की गावाला जाईल, तिला ते बरोबर न्यायचंय. भाऊ ट्रॅक्टर घेऊन इकडं येणार आहे त्याच्याकडं दिलं तरी चालेल. आईच्या चष्म्याचा नंबर परत तपासून घ्या, शिबिरात फुकटात मिळालेला होता तो, आणि बीपीची गोळी रोजच्या रोज, बरं वाटतंय म्हणून सोडायची नसते. आबा, आई लिहीत असताना शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ काढू नका. गेल्या वेळच्या व्हॉइस मेसेजमध्ये पण निम्मा वेळ तुम्हीच बोलत होता.

तुमची,
मोठी