अनिकेत, तो चॅप्टर इतक्यात संपवू नकोस

प्रिय अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

तू एम.ए.ला धर्माच्या तत्त्वज्ञानाचा पेपर घेतलास हे कळल्यापासून आजीला धाकधूक आहे की पोरगा नास्तिक होतोय की काय. मला ती काळजी नाही, देवापुढे हात जोडायचे की नाही ते तुझं तू ठरव. पण परवा फोनवर तू म्हणालास ना, "प्रॉब्लेम ऑफ ईव्हिल सोपा आहे आई, एका बैठकीत झाला", ते काही मला पटलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तू सांगितलंस ते बरोबर होतं. देव सर्वशक्तिमान आहे, पूर्णपणे चांगला आहे आणि तरी जगात दुःख आहे, ह्या तीन गोष्टी एकत्र बसत नाहीत असं मॅकी ह्या तत्त्वज्ञाने १९५५ साली मांडलं, मग प्लॅन्टिंगा ह्या दुसऱ्या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये माणसाच्या चांगलं-वाईट निवडण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा आणून ती विसंगती सिद्ध होत नाही हे दाखवलं. परीक्षेला एवढं पुरेल. पण तू विल्यम रो ह्या तत्त्वज्ञाचा १९७९ चा लेख वाच. त्यात जंगलातल्या वणव्यात भाजलेलं एक हरणाचं पाडस आहे, कितीतरी दिवस तडफडून मरतं, बघायला कोणी नाही आणि त्यातून कोणाचं काही भलंही होत नाही. रो असं म्हणत नाही की देव नाही हे सिद्ध झालं, तो म्हणतो असं दुःख बघून देव नाही असं मानायला सबळ कारण मिळतं. ह्या दोन म्हणण्यांत खूप अंतर आहे, उत्तर लिहिताना ते एक करू नकोस.

आणि हा प्रश्न काही फक्त तिकडचा नाही रे. ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ३४ वं सूत्र काढून बघ, तिथे आक्षेप सरळ घेतलाय की कोणी सुखात, कोणी हालात, म्हणजे ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य पावसाचा दाखला देतात, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो पण तांदूळ उगवणार की जव ते बियाण्यावर ठरतं, तसं ज्याचं त्याचं कर्म. मग पुढच्याच सूत्रात शंका येते की सृष्टीच्या आधी कर्म कुठून आलं, तर उत्तर असं की संसाराला सुरुवातच नाही. किती नीट विचार केलाय बघ, पळवाट नाहीये ती.

पण हे उत्तर मी एकदा ऐकलंय. माझ्या मैत्रिणीचा मुलगा गेला तेव्हा ती हॉस्पिटलबाहेर बाकावर बसली होती, मांडीवर त्याची शाळेची पाण्याची बाटली, आणि नात्यातल्या एक बाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं देणं होतं गं, फिटलं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ही नुसती बाटलीचं झाकण उघडत होती आणि लावत होती. आजीसुद्धा स्वतःच्या दुःखाला प्रारब्धच म्हणते आणि त्यातून तिला बळ मिळतं हे मी रोज बघते, पण स्वतःच्या दुःखाला म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दुःखाला म्हणणं वेगळं. हा फरक तुझ्या नोट्समध्ये कुठे आहे का बघ, नसेल तर तू लिही.

तू नाशिकचा आहेस, तुला तर हे दिसायलाच पाहिजे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते, लोकांनी मार खाल्ला, वर्षानुवर्षं झगडले तरी दरवाजे उघडले नाहीत आणि मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा झाली. पंचवटीतून आपण कितीदा जातो. पण ह्याच बाबासाहेबांनी धर्माचं तत्त्वज्ञान म्हणजे काय, धर्म कोणत्या कसोटीवर तपासायचा यावर सविस्तर लिहिलंय, न्याय आणि उपयुक्तता ह्या कसोट्या घेऊन. ते इंग्रजी लिखाण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, महाराष्ट्र सरकारने १९८७ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या तिसऱ्या खंडात काढलं. आणि १९५७ साली आलेल्या बुद्धावरच्या ग्रंथात ते म्हणतात की मागच्या जन्माच्या कर्माने गरिबी ठरते असं मानलं की समाजाला आणि राज्याला गरिबांची जबाबदारी झटकता येते. तुमच्या सिलॅबसमध्ये हे असो नसो, तू वाचायचंस.

आता तुझे सर म्हणतील की सिद्धांताचा गैरवापर झाला म्हणून तो खोटा ठरत नाही. बरोबर आहे, खरं आहे का आणि त्याने काय घडतं हे दोन प्रश्न वेगळे ठेवायलाच हवेत. पण ज्या सिद्धांताचं म्हणणंच हे आहे की जगात शेवटी न्याय आहे, तोच अन्यायाच्या बाजूने वापरता येतो, तर त्याला नुसता गैरवापर म्हणून सोडून द्यायचं का? मला तसं वाटत नाही. पण हे खोडायच्या आधी शंकराचार्यांची बाजू अशी लिहून काढ की आजीने वाचली तर म्हणेल, हो, हेच मी मानते. ह्यूम ह्या तत्त्वज्ञाचे धर्मावरचे संवादही तसेच वाच, १७७६ ला तो गेला आणि ते १७७९ ला छापून आले, त्यात तिघं बोलतात, तर त्यातलं लेखकाचं स्वतःचं मत कुठलं हे शोधत बसण्यापेक्षा तिघांचंही ऐक. मीमांसकांचं, म्हणजे आपल्याकडच्या मीमांसा दर्शनाच्या लोकांचं पण बघ, वेद प्रमाण मानतात आणि जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची त्यांना गरज वाटत नाही, आजीला हे सांगितलं तर तिला खरंच वाटत नाही. मराठीत शब्द अडले तर वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश आहे, तो बघ.

आणि एक विचारायचं आहे. रोच्या त्या पाडसाला शंकराचार्यांचं उत्तर लावलं तर त्याचंही मागचं कर्म निघेल, म्हणजे रोचा आक्षेप तिथे लागू पडतच नाही का? की संसार अनादि आहे म्हटल्याने प्रश्न नुसता मागे मागे सरकत जातो? मला नीट सुटलेलं नाही. तुझं काय म्हणणं आहे ते लिहून पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, पण एका ओळीत नको.

तुझी,
आई